फूल कोमेजतं, म्हणूनच ते तिथे ठेवलंय

जमिनीवर पसरलेला एक पिवळाधमक चौकोन, चहूबाजूंनी उंच पांढऱ्या भिंती आणि कडेला उभं राहून टक लावून बघणारे लोक. हा फोटो अधूनमधून मोबाईलवर फिरत येतो. खाली प्रश्न ठरलेला: ‘यात कला कुठे आहे?’ कुणीतरी ‘पैसा जास्त झाला की हे सुचतं’ असंही लिहितं आणि विषय तिथेच मिटतो.

तो रंग नाही, परागकण आहेत. हेझलनटच्या झुडपांवरून हाताने गोळा केलेले. वोल्फगांग लाइब या जर्मन कलावंताने २०१३ साली न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये हा चौकोन मांडला होता. १८ बाय २१ फूट, म्हणजे सिडकोतल्या एखाद्या जुन्या घराएवढी जागा. त्यासाठीचे परागकण तो १९९० च्या दशकाच्या मध्यापासून जमवत होता.

लाइबबद्दल लिहिताना ‘बौद्ध विचारांचा प्रभाव’ हे शब्द हमखास येतात. अडचण अशी, की डोळे मिटलेला बुद्ध आणि त्याच्या खांद्याशी गुलाबी कमळ अशी जी कॅनव्हासवर छापलेली चित्रं सोफ्याच्या रंगाला जुळवून विकली जातात, त्यांच्याबद्दलही हेच बोललं जातं. मग खरा प्रभाव ओळखायचा कसा? नाशिकच्या वाचकाला हे कळायला परदेशी समीक्षकांची पुस्तकं चाळायची गरज नाही. लागणारं बरंचसं सामान गावातच आहे.

फूल कुणासाठी?

कुठल्याही बुद्धविहारात वंदनेच्या वेळी जा. त्रिशरण-पंचशील झालं की पुष्पपूजेची गाथा म्हणतात. ‘वण्ण गन्ध गुणोपेतं’ अशी तिची सुरुवात. रंग, गंध आणि गुण असलेली ही फुलं मी अर्पण करतो, असं म्हणत गाथा पुढे जाते आणि शेवटी हे येतं:

पुप्फं मिलायाति यथा इदं मे,
कायो तथा याति विनासभावं.

हे माझं फूल जसं कोमेजतं, तसाच हा देहही नाशाकडे जातो.

लहान मुलं ही गाथा पाठ म्हणतात, मोठी माणसं डोळे मिटून म्हणतात आणि सवयीने तिच्यातला धक्का बोथट होतो. फूल वाहतानाच, हातातून ते खाली ठेवतानाच, ‘हे कोमेजणार आहे आणि मीही’ असं तोंडाने म्हणायचं! फुलाने कुणी प्रसन्न व्हावं, काही द्यावं, अशी मागणी त्यात नाही. ज्याच्यासमोर फूल ठेवलं, त्याला त्याची गरज नाही. गरज ठेवणाऱ्याला आहे.

कुठलीच गोष्ट आहे तशी राहत नाही, क्षणाक्षणाला बदलत असते, या जाणिवेला बौद्ध परंपरेत अनित्यता म्हणतात. या लेखात जड शब्द लागणार ते दोनच, त्यातला हा पहिला.

बुद्धांच्या अखेरच्या दिवसांचं वर्णन करणाऱ्या महापरिनिब्बान सुत्तात याच धाग्याची एक गोष्ट आहे. कुसिनारात बुद्ध जोडशाल वृक्षांच्या मध्ये पहुडलेले असताना हंगाम नसताना झाडं बहरतात आणि त्यांच्या अंगावर फुलं गळू लागतात. बुद्ध आपला शिष्य आनंद याला सांगतात, तथागताचा, म्हणजे बुद्धाचा, खरा सन्मान असा होत नाही. जो धम्माप्रमाणे वागतो तो खरा सन्मान करतो. फुलं नाकारलेली नाहीत, फक्त त्यांची जागा दाखवून दिली आहे.

मूर्ती नव्हती तेव्हा काय होतं?

आता नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर चला. आपण सवयीने पांडवलेणी म्हणतो ती ही लेणी, एकूण २४. त्यातलं जुनं खोदकाम इसवी सनाच्या आधीचं. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, म्हणजे सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा मोठा शिलालेख आहे त्या विहारात, आत गेल्यावर मागच्या भिंतीकडे बघा. तिथे बुद्ध नाही. स्तूप कोरलेला आहे आणि त्याला वंदन करणाऱ्या आकृती आहेत.

त्या काळच्या बौद्ध शिल्पांत बुद्धाला माणसाच्या रूपात सहसा दाखवत नसत. बोधिवृक्ष, रिकामं आसन, पावलं, चक्र, स्तूप या खुणांवर काम भागे. यामागचं कारण काय, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण बघणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर परिणाम स्पष्ट आहे. आसन रिकामं असलं की मधली जागा बघणाऱ्याला स्वतः भरावी लागते. पुढच्या शतकांत, महायान काळात, याच डोंगरावर बुद्धाच्या मोठमोठ्या मूर्ती आल्या, इतर ठिकाणी हातात कमळ घेतलेले बोधिसत्त्व आले. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी त्यातलाच, आणि दिवाणखान्यातल्या कॅनव्हासचा तो दूरचा पूर्वज.

आजचे कलावंत मात्र बहुधा पद्मपाणीकडे न जाता त्या रिकाम्या आसनाकडे जातात. म्हणून त्यांच्या कामात बुद्ध शोधायला गेलं तर सापडत नाही आणि आपण वैतागतो.

चित्र कुठे आहे?

दुसरा जड शब्द: मांडणशिल्प. एखाद्या जागेत वस्तू अशा मांडायच्या की ती जागा, त्या वस्तू आणि त्यातून फिरणारा प्रेक्षक हे सगळं मिळून कलाकृती होते. प्रदर्शन संपलं की ती बहुतेक वेळा मोडली जाते.

हे विचित्र वाटत असेल तर गोदाघाटावरची पाडव्याची महारांगोळी आठवा. बायका तासन्‌तास ओणव्याने बसून ती काढतात, आपण काठावरून बघतो, फोटो काढतो आणि दोन दिवसांत ती पुसली जाते. ‘टिकणार नव्हती तर काढली कशाला?’ असं तिथे कुणी विचारत नाही. दारातल्या रांगोळीचं तर आपण कौतुकही करत नाही, इतकी ती रोजची आहे. तिबेटी भिक्खू रंगीत वाळूचं मंडल काढतात तेही याच जातीचं काम. कित्येक दिवस कण-कण टाकून ते पुरं करायचं आणि झालं की स्वतःच्या हाताने झाडून वाळू पाण्यात सोडायची. तिथे झाडणं हाही विधीचाच भाग असतो, आवराआवर नव्हे.

लाइबचा पिवळा चौकोन या घराण्यातला. त्याच्या कामाची रीत जवळून बघण्यासारखी आहे. १९५० साली जन्मलेला हा माणूस डॉक्टरकीचं शिक्षण पुरं करून तो व्यवसाय न करता कलेकडे वळला. दक्षिण जर्मनीत आपल्या गावाभोवतीच्या कुरणांत वसंत ऋतूत तो एकटा फिरतो आणि फुलांवरून परागकण बरणीत झटकतो. हेझलनट, डँडेलियन, पाइन अशा क्रमाने जे फुलेल ते. वर्षाकाठी हाती लागतं ते मोजक्या बरण्यांत मावतं. मांडताना तो गुडघ्यांवर बसून, चमच्याने हलके ठोके देत, पातळ कापडाच्या चाळणीतून ते जमिनीवर पडू देतो. प्रदर्शन संपलं की परागकण पुन्हा गोळा करून बरणीत. त्याचं दुसरं गाजलेलं काम म्हणजे १९७५ पासूनचे दुधाचे दगड: पांढऱ्या संगमरवराच्या फरशीत अगदी उथळ खळगा आणि त्यात काठोकाठ दूध. दूध नासतं, म्हणून रोज ते काढून, दगड पुसून नवं ओतावं लागतं. म्हणजे ही कलाकृती रोज कुणीतरी सांभाळली तरच असते.

चीनच्या झांग हुआनने २००७ साली फूल सोडून पूजेतली दुसरी वस्तू उचलली. शांघायच्या परिसरातल्या देवळांत जळलेल्या उदबत्त्यांची राख त्याने जमवली आणि ॲल्युमिनियमच्या साच्यात दाबून बुद्धाची भव्य मूर्ती केली. साचा काढला की राखेचा बुद्ध समोर, आणि तो प्रदर्शनाच्या काळात ढासळत जाणारा. हजारो अनोळखी माणसांच्या नवसांची, काळज्यांची ती राख. मला हे काम लाइबपेक्षाही जास्त पटतं. त्यात कलावंताच्या एकट्या साधनेपेक्षा गर्दी जास्त आहे.

जपानमध्ये याची मुळं आणखी थेट आहेत. इकेबाना ही पुष्परचनेची कला बुद्धासमोर फुलं ठेवण्याच्या रिवाजातून वाढली. क्योतोच्या रोक्काकुदो मंदिरातल्या इकेनोबो परंपरेतल्या सेनकेई या पुरोहिताच्या पुष्परचनांचा उल्लेख १४६२ सालच्या नोंदीत आहे. आजचा टीमलॅब हा टोकियोचा गट भिंतींवर आणि जमिनीवर संगणकाने फुलं फुलवतो. ती आधी चित्रित केलेली नसतात, त्या त्या क्षणी घडतात. आपण शांत उभे राहिलो तर जवळ जास्त उमलतात, हात लावला तर पाकळ्या गळतात. कल्पना सुंदर आहे. पण त्या फुलांना वास नाही आणि त्यांचा चिखलही होत नाही, याचा मला थोडा राग येतो.

‘असं तर मीही करू शकलो असतो’

करा की. पण परागकण जमवण्याची ती वर्षंही काढा. या प्रकारच्या कामात कौशल्य हाताच्या सफाईपेक्षा चिकाटीत असतं. शिवाय बघणाऱ्यालाही थोडं काम करावं लागतं: एरवी गाडीवरून जाताना जे दिसत नाही, ते थांबून बघायचं. जानोरी-मोहाडीकडच्या पॉलिहाऊसमध्ये गुलाब तोडणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही. कळी किती मिटलेली असताना तोडायची, यावर माल बाजारात टिकणार की वाटेतच उमलून पडणार हे ठरतं. फूल आणि वेळ यांचं नातं त्यांच्याइतकं बारकाईने कुठल्याच कलासमीक्षकाला माहीत नसेल.

‘कोमेजलेलं फूल दिसलं की झाली बौद्ध कला?’

नाही. हा आक्षेप रास्त आहे. ब्रिटनच्या आन्या गॅलाचियोने १९९१ साली लाल जरबेराची ताजी फुलं ओळीने काचेमागे दाबली आणि तशीच सोडून दिली. दिवस जातात तशी ती काळवंडतात, बुरशी धरतात, काही घरंगळून खाली पडतात. आपल्याकडे बाजारात जरबेरा येतो तेव्हा एकेका फुलावर प्लास्टिकची पिशवी चढवलेली असते, पाकळी दुमडू नये म्हणून. तेच फूल तिथे मुद्दाम सडायला ठेवलेलं. कोमेजणं त्यातही आहे, पण त्याला बौद्ध म्हणायचं कारण नाही. सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांनी ट्यूलिपच्या गुच्छाशेजारी कवटी, घड्याळ, विझलेली मेणबत्ती रंगवली. हे सारं व्यर्थ आहे, मरणानंतरचा विचार कर, असा इशारा त्यात होता. गॅलाचियोचं काम वाचताना ती परंपरा आठवणं जास्त सयुक्तिक.

फरक असा की डच चित्रातलं कोमेजणं घाबरवतं. पुष्पपूजेच्या गाथेतलं कोमेजणं ही साधी पाहणी आहे: असं होतं, माझंही होईल, आता यावरची पकड सैल कर.

ताकाशी मुराकामी या जपानी चित्रकाराच्या बाबतीत तर हा फरक एकाच माणसात दिसतो. त्याची हसऱ्या चेहऱ्याची रंगीबेरंगी फुलं उशीपासून टी-शर्टपर्यंत सगळीकडे आहेत. ती कधीच कोमेजत नाहीत, म्हणूनच ती खपतात. त्यांना मी या विषयात धरत नाही. पण ११ मार्च २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर याच मुराकामीने पाचशे अर्हतांचं, म्हणजे मुक्ती मिळवलेल्या बुद्धशिष्यांचं, १०० मीटर लांब आणि ३ मीटर उंच चित्र केलं आणि २०१२ साली ते दोह्यात मांडलं. संकटानंतर लोक अर्हतांच्या प्रतिमांकडे वळतात हा जपानमधला जुना रिवाज, आणि त्या चित्रातले सुरकुतलेले, वेडेवाकडे, म्हातारे अर्हत त्या रिवाजाला धरून आहेत. गोंडस फुलांचा आधार न घेता हे काम अनित्यतेपाशी जातं.

‘एकीकडे त्याग, दुसरीकडे कोटींचे लिलाव’

हा टोला नेहमीचा, आणि बऱ्याचदा खराही. पण पैसा आला म्हणजे धम्म गेला असं म्हणणाऱ्याने त्रिरश्मीचं दहावं लेणं वाचावं. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तिथे आपला व्यवहार दगडात कोरून ठेवला आहे. भिक्खूंसाठी त्याने ३००० कार्षापणांची, म्हणजे त्या काळच्या नाण्यांची, कायम ठेव ठेवली. गोवर्धन इथल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे (व्यावसायिक संघाकडे) २००० आणि दुसऱ्या श्रेणीकडे १०००. पहिल्या रकमेवर दरमहा शेकडा १ व्याज, दुसरीवर पाऊण. मुद्दल काढायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या ठेवीचं वर्षाचं व्याज होतं २४० कार्षापण, आणि २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ दिले की हिशेब बरोबर जुळतो. आजच्या कुठल्याही पतसंस्थेने बघावा असा ताळेबंद!

तेव्हा विरक्तीचा खर्चही कुणीतरी उचलत आला आहे. प्रश्न विचारायचा तो पैसा आहे का हा नव्हे, तो कुठून आला आणि कशावर गेला हा. उषवदाताचा पैसा वस्त्रावर गेला, आणि तो कोणत्या अटीवर दिला हे आजही भिंतीवर वाचता येतं. लिलावात गेलेलं काम अनेकदा पेटीत बंद होऊन कुठल्यातरी गोदामात पडून राहतं.

‘आमचा बुद्ध शांत बसणारा नाही’

हा आक्षेप महाराष्ट्रातूनच येऊ शकतो आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. ज्या जिल्ह्यात २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, तिथे बुद्ध हा मनःशांतीचा पुतळा म्हणून आलेला नाही. तो माणूस म्हणून उभं राहण्याचा मार्ग म्हणून आला. आत्मा न मानणाऱ्या धम्माला ‘अध्यात्म’ म्हणून दालनात लावणं इथल्या कित्येकांना खटकतं, आणि ते खटकणं समजून घेण्यासारखं आहे.

बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रकाशित झालेल्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच एक खोचक प्रश्न आहे. म्हातारा, आजारी आणि मेलेला माणूस पाहून सिद्धार्थाने घर सोडलं असं सांगतात. पण २९ वर्षांच्या माणसाला त्याआधी हे कधीच दिसलं नव्हतं काय? बाबासाहेब ती कथा नाकारतात आणि शाक्य आणि कोलिय या शेजारच्या गणांमधला रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा पुढे आणतात. दुःख एकट्याच्या मनात उगवत नाही, माणसामाणसांच्या व्यवहारातून तयार होतं, असा त्याचा रोख.

ही फूटपट्टी वर सांगितलेल्या कामांना लावली की बरीचशी तोकडी पडतात. पांढऱ्या भिंतींच्या आड एकट्याने कोमेजणं बघणं म्हणजे जवळजवळ त्या जुन्या कथेतलाच सिद्धार्थ. फूल सुकतं एवढं दिसतं. सुकल्यावर त्याचं काय होतं, ते दिसत नाही.

सुकलेली फुलं उचलतो कोण?

दसऱ्याच्या दिवशी नाशिकचा फुलबाजार बघा. मोगलाईत या गावाला गुलशनाबाद म्हणत, ते का, हे त्या दिवशी कळतं. सकाळी झेंडूचा भाव चढलेला असतो, दुपारी घासाघीस सुरू होते आणि संध्याकाळी उरलेला माल परत नेण्याचं भाडंही सुटत नाही म्हणून शेतकरी क्रेट तिथेच उलटे करून निघून जातात. त्याच दिवशी अशोक विजयादशमी, धम्मचक्र प्रवर्तनाचा दिवस, म्हणून विहारांतही फुलंच फुलं. तोरणातला झेंडू आणि वंदनेतला झेंडू एकाच ढिगातून आलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो ढीग तुडवला जाऊन, ओला होऊन, आंबूस वास मारत रस्त्याला चिकटलेला असतो आणि सफाई कामगार फावड्याने तो खरवडत असतात.

बौद्ध वाङ्मयाला हा माणूस अनोळखी नाही. थेरगाथेत, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंच्या पाली गाथांच्या संग्रहात, सुनीत नावाच्या थेराच्या गाथा आहेत. तो स्वतःची ओळख करून देतो ती अशी: मी हीन कुळात जन्मलो, दरिद्री होतो, खायला पुरेसं नव्हतं, माझं काम हलकं मानलेलं, मी सुकलेली फुलं काढून टाकणारा होतो. लोक त्याचा तिरस्कार करत. बुद्धांना येताना पाहून त्याने खांद्यावरची कावड खाली टाकली आणि पुढे होऊन वंदन केलं. बुद्धांनी ‘ये भिक्खू’ एवढंच म्हणून त्याला संघात घेतलं. बाबासाहेबांनीही सुनीताची ही दीक्षा आपल्या ग्रंथात आवर्जून घेतली आहे.

आधीची कामं आता पुन्हा तपासता येतात. लाइब आपले परागकण स्वतः गोळा करतो आणि मांडून झाल्यावर स्वतः आवरतो, म्हणजे निदान त्याचं ओझं तो दुसऱ्यावर टाकत नाही. मंडल काढणारे भिक्खू स्वतः झाडतात. गॅलाचियोची फुलं प्रदर्शन संपल्यावर टाकून दिली जातात, पुढच्या वेळी नवी आणली जातात. ती टाकणारे हात कामाच्या वर्णनात नसतात. टीमलॅबमध्ये झाडलोटच नाही, तिथे वीजबिल आहे.

उद्या नाशिकमध्ये कुणी झेंडूचं मांडणशिल्प करायला घेतलं, तर माझी सूचना अशी की फुलं दसऱ्याच्या आदल्या दिवशी विकत घेऊ नयेत. दसऱ्यानंतरच्या पहाटे बाजारात जावं आणि जे फावडं मारत असतील त्यांना आधी विचारावं, की यातलं काय ठेवण्यासारखं आहे. दालनातल्या पाटीवर कलावंताच्या नावाबरोबर त्यांची नावं आणि त्यांना दिलेली मजुरीही लिहावी. आकडे भिंतीवर लिहायची पद्धत आपल्या गावाला नवी नाही.